बॅटरी बदलण्याआधी अर्थिंग तपासा

महोदय,

पावसाने जोर धरला की पुण्यातल्या गॅरेजांत एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘गाडी मधेच बंद पडते, थोड्या वेळाने आपली आपणच चालू होते.’ गाडी बारा-पंधरा वर्षांची असते. मेकॅनिकसमोर ती पाहुण्यांपुढच्या पोरासारखी गुणी वागते आणि मग अंदाजपंचे बदलाबदली सुरू होते. आधी बॅटरी, मग अल्टरनेटर (चालत्या इंजिनावर बॅटरी चार्ज करणारा), मग सेल्फ. तिन्हींचे पैसे मोजून होतात आणि दोष जिथल्या तिथे राहतो. येऊन-जाऊन असणारा विजेचा बिघाड बहुतेक वेळा वस्तूत नसून जोडात असतो. जोड मोजता येतो, त्यासाठी साधा मल्टिमीटर पुरतो आणि मोजल्याशिवाय काहीही बदलू देऊ नये.

सुरुवात बॅटरीपासूनच करावी, पण बदलण्यासाठी नव्हे. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर टर्मिनलवर १२.६ व्होल्ट दिसले तर बॅटरी भरलेली आहे, १२.२ म्हणजे साधारण निम्मी. सेल्फ मारताना आकडा ९.६ च्या खाली जाऊ नये. इंजिन चालू असताना १३.८ ते १४.५ च्या दरम्यान असावा. हे तिन्ही आकडे बरोबर असतील तर बॅटरी आणि चार्जिंगवरचा संशय तिथेच सोडून द्यावा. चार्जिंगचा आकडाच वरखाली नाचत असेल, डॅशवरचा बॅटरीचा दिवा मिणमिणत असेल, तर अल्टरनेटरचे कार्बन ब्रश झिजलेले असण्याची शक्यता मोठी. ते निराळे बदलता येतात, त्यासाठी पूर्ण अल्टरनेटर घेण्याची गरज नसते.

यानंतरची तपासणी सर्वांत महत्त्वाची, आणि नेमकी तीच सहसा केली जात नाही. इंजिनापासून बॉडीला आणि बॅटरीच्या निगेटिव्हला जाणारी अर्थची (अर्थिंगची) पट्टी, म्हणजे करंट बॅटरीकडे परत नेणारी जाड तार. पंधरा पावसाळे खाल्लेल्या गाडीत तिच्या लगखाली (टोकाच्या धातूच्या कानाखाली) गंज चढतो, तारेत हिरवट पावडर होते. ओहमवर मीटर लावला तर तो ‘जोड ठीक’ असेच सांगतो, कारण मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध ०.१ ओहमच्या आगेमागे असतो. सेल्फ शंभर अँपिअर ओढत असताना मात्र ०.०१ ओहमचा गंजसुद्धा पूर्ण एक व्होल्ट खातो. म्हणून जोड तपासायचा तो करंट वाहत असताना, व्होल्टवर.

पद्धत अशी. गाडी न्यूट्रलमध्ये, हँडब्रेक ओढलेला. इंजिन सुरू होऊ नये म्हणून पेट्रोल पंपाचा फ्यूज काढावा, कार्ब्युरेटरच्या गाडीत इग्निशन कॉइलची सप्लाय वायर. मीटर डीसी व्होल्टवर. लाल पिन इंजिनच्या स्वच्छ धातूवर, काळी पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटावर. क्लॅम्पवर नव्हे, थेट शिशाच्या खुंटावर. दुसऱ्याने चार-पाच सेकंद सेल्फ मारावा. ०.२ ते ०.३ पर्यंत आकडा आला तर अर्थ चांगला. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर काळी पिन खुंटावरून क्लॅम्पवर, मग बॉडीच्या बोल्टवर, मग पट्टीच्या लगवर सरकवत जावे. ज्या टप्प्यावर आकडा एकदम पडतो, त्या जोडात दोष. पॉझिटिव्ह बाजूला बॅटरीचा खुंट आणि सेल्फचा जाड बोल्ट यांच्यामध्ये अर्ध्या व्होल्टपेक्षा कमी असावे.

अर्थ गेल्याच्या काही खुणा मीटरशिवायही दिसतात. ब्रेक दाबला की मागचा इंडिकेटर मंद होतो. हेडलाइट लावले की टेंपरेचरचा काटा वर सरकतो आणि लोक बिचाऱ्या थर्मोस्टॅटला दोष देतात. इंजिनची पट्टी पूर्ण तुटली असेल तर सेल्फचा करंट अॅक्सिलरेटर किंवा क्लच केबलमधून वाट काढतो. ती केबल हाताला गरम लागते आणि पुढे जाम होते.

दुरुस्ती स्वस्त आहे. आधी निगेटिव्ह क्लॅम्प काढावा, जोडताना तो शेवटी. लग आणि बॉडीचा धातू पॉलिश पेपरने चकचकीत करावा, बोल्ट आवळावा, आणि मगच वरून पेट्रोलियम जेली लावावी. टर्मिनलवरची पांढरी बुरशी खाण्याचा सोडा घातलेल्या गरम पाण्याने निघते, मात्र ते पाणी बॅटरीच्या झाकणातून आत जाऊ देऊ नये. पट्टी कुजलीच असेल तर नवी नाना पेठेत मिळते.

आता रस्त्यातच बंद पडणारी गाडी. इथे आधी वही हवी: इंजिन गरम होते की थंड, पाऊस होता का, खड्डा लागला का, किती मिनिटांनी परत चालू झाली. कात्रजचा घाट चढून इंजिन तापल्यावर बंद पडते आणि वीस-पंचवीस मिनिटांनी विनातक्रार सुरू होते, अशी गाडी क्रँक सेन्सरकडे (इंजिन फिरत असल्याची खबर कॉम्प्युटरला देणारा) किंवा ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या इग्निशन कॉइलकडे बोट दाखवते. खड्ड्यात बंद पडणारी जोडाकडे. किल्लीच्या जुडग्याला धक्का लागताच बंद पडणारी इग्निशन स्विचकडे. घर, ऑफिस, कपाट अशा साऱ्या किल्ल्या त्याच जुडग्यात लटकवणे त्या स्विचला मानवत नाही.

मेकॅनिकसमोर दोष येतच नसेल तर ५ वॅटचा एक बल्ब पेट्रोल पंपाच्या सप्लायवर जोडून केबिनमध्ये डोळ्यांसमोर ठेवावा, मध्ये २ अँपिअरचा फ्यूज घालून. इंजिन थांबले की पुष्कळ गाड्यांत कॉम्प्युटर पंपाचा रिले (विजेवर चालणारा स्विच) स्वतःच सोडतो, त्यामुळे दिवा नंतर विझणारच. पाहायचे ते एवढेच, की आधी काय गेले. दिवा विझला आणि मग इंजिन अडखळले, तर रिले, फ्यूजचा सॉकेट किंवा सप्लायची वायर. इंजिन आधी बंद झाले, तर सप्लाय निर्दोष. पंपाचा अर्थ किंवा सेन्सर पाहावा. ही नजर गाडी चालवणाऱ्याची नको, शेजारी बसलेल्याची.

वायर तुटते ती ठरलेल्या जागी: दरवाजा आणि खांबामधल्या रबरी नळीत, डिकीच्या बिजागरीपाशी. वरचे आवरण शाबूत, आतले तांबे तुटलेले. एकेक वायर हलकेच ओढावी; रबरासारखी ताणली तर आत तांबे नाही. सोसायटीच्या पार्किंगमधले उंदीर हा आणखी एक विषय, पण त्यांचे दात निदान डोळ्यांना दिसतात.

बॅटरी दोन रात्रींत उतरते? मग निगेटिव्ह क्लॅम्प काढून, मीटर १० अँपिअरवर ठेवून, तो खुंट आणि क्लॅम्प यांच्यामध्ये जोडावा, दरवाजे बंद करावेत, सेंट्रल लॉकच्या गाडीला अर्धा तास द्यावा. ५० मिलिअँपिअरच्या आत ठीक. अर्धा अँपिअर दिसला तर दिवसाला १२ अँपिअर-तास, म्हणजे ३५ अँपिअर-तासांची बॅटरी तिसऱ्या दिवशी हात टेकणार. मग एकेक फ्यूज काढत आकडा कुठे पडतो ते पाहावे. मीटर मध्ये असताना किल्ली फिरवू नये, मीटरचा फ्यूज उडतो.

काही दोष आपणच विकत आणतो. मूळ ६०/५५ वॅटच्या जागी १००/९० चे बल्ब घातले की दोन दिव्यांच्या वायरीवर नऊऐवजी पंधरा-सोळा अँपिअर जातात. होल्डर वितळतो, स्विच काळा पडतो. म्युझिक सिस्टिमसाठी वायर सोलून, पिळून, काळी टेप गुंडाळलेला जोड एप्रिलच्या उन्हात टेपचा चीक वितळून उघडा पडतो. दाबून बसवायचे क्रिम्पचे लग आणि उष्णतेने आवळणारी हीट श्रिंक स्लीव्ह तपकीर गल्लीत सहज मिळतात. तपासताना वायरीच्या आवरणात सुई टोचणाऱ्याला तर हटकूनच थांबवावे: त्या भोकातून पाणी शिरते आणि पुढच्या पावसाळ्यात नवा दोष तिथेच उगवतो.

गॅरेजवाल्यांना दोष देण्याचा हेतू नाही. दोष शोधण्याच्या तासाभराचे पैसे द्यायला आपण कुरकुरतो आणि नव्या पार्टचे निमूट देतो, तेव्हा तेही पार्टच विकणार. तपासणीची मजुरी वेगळी द्यावी आणि बिलावर चार आकडे लिहून मागावेत: उभ्या गाडीचे व्होल्ट, सेल्फ मारतानाचे, चार्जिंगचे आणि इंजिन ते निगेटिव्ह खुंट यांमधला फरक. पुढच्या वेळी दुसऱ्या गॅरेजमध्ये गेलात तरी तो कागद सोबत न्यावा.

– एक वाचक, कोथरूड, पुणे