सूचना : संस्थेचे मेसेज आणि फोटो टाकण्याबाबत

सर्व सभासदांना नमस्कार.

आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) वह्या-दप्तरांसाठी केलेलं आवाहन बऱ्याच देणगीदारांपर्यंत पोहोचलंच नाही, हे परवा कळलं. व्हॉट्सअॅपच्या ब्रॉडकास्ट लिस्टचा मेसेज ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांनाच जातो. तेव्हा या आठवड्यात प्रत्येकाने ओळखीच्या दहा जणांना संस्थेचा नंबर सेव्ह करायला सांगावं. फोन करून सांगा, मेसेज नको.

आता फोटो. यावलच्या शिबिराचे ढीगभर फोटो आले, निम्म्यांत हार, नारळ आणि बॅनर. देणगीदाराला आपले सत्कार बघायचे नसतात हो! त्याच शिबिरात एका आजींनी नवा चष्मा लावून सुईत दोरा ओवला आणि अहिराणीत काहीतरी बोलून खुदकन हसल्या. तो बारा सेकंदांचा व्हिडिओ कुणीतरी फक्त स्टेटसला ठेवला. २४ तासांत गेला. असं काही असेल तर आधी फेसबुक पेजवर टाका. अहिराणी तशीच राहू द्या, खाली मराठीत एक ओळ पुरे. आजींची परवानगी मात्र घ्या.

मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय नकोत. बालगृहातल्या मुलांचे तर मुळीच नकोत. बाल न्याय कायदा, २०१५ च्या कलम ७४ प्रमाणे त्यांची ओळख उघड करणं गुन्हा आहे.

देणगीच्या पोस्टमध्ये क्यूआर कोडसोबत हेही लिहा : २००० रुपयांवरच्या रोख देणगीला आयकरात सवलत मिळत नाही.

आणि गुड मॉर्निंगची फुलं कृपया घरच्या ग्रुपवर.

– सचिव