मी का येत नाहीये

प्रिय सुहास,

"वडिलांचं ऑपरेशन आहे आणि तू येत नाहीस?" असं तू तोंडावर विचारलंस ते बरं झालं. बाकीचे मनात ठेवतात. फोनवर मला नीट सांगता आलं नाही, म्हणून लिहितोय.

माझा एच-वन-बी, म्हणजे इथे नोकरी करायचा तात्पुरता परवाना, मंजूर आहे, अमेरिकेत राहणं, काम करणं सगळं कायदेशीर आहे. पण पासपोर्टवरच्या व्हिसाची मुदत संपली आहे. एकदा बाहेर पडलो की परत येण्यासाठी नवं स्टॅम्पिंग, म्हणजे पासपोर्टवर नव्या व्हिसाचा शिक्का, लागतं आणि ते इथे अमेरिकेत होत नाही. २००४ पर्यंत पासपोर्ट टपालाने पाठवला की इथेच काम व्हायचं. ती सोय बंद झाली. २०२४ च्या सुरुवातीला जास्तीत जास्त २०,००० जणांसाठी प्रयोग केला, तो तिथेच थांबला. मुलाखतीशिवाय नुसती कागदपत्रं देऊन व्हिसा घ्यायची सोय, ड्रॉपबॉक्स, तीही सप्टेंबर २०२५ पासून बहुतेकांना मिळत नाही. पूर्वी लोक मेक्सिकोत जाऊन शिक्का घेऊन यायचे, आता मायदेशीच जावं लागतं. सगळी गर्दी एकाच दारात.

रात्री जागून मी स्लॉट, म्हणजे भारतातल्या व्हिसा मुलाखतीची मोकळी तारीख, बघतो. कॅलेंडरचे महिने सरकवत जायचं, सगळ्या तारखा करड्या, एकही मोकळी नाही. फार वेळा पाहिलं तर खातंच लॉक होतं. तातडीची मुलाखत मागता येते, पण त्यासाठी आधी साधी तारीख हातात असावी लागते! फोनवर माणूस भेटला तर तो मला समोर दिसतंय तेच वाचून दाखवतो.

ग्रीन कार्ड, म्हणजे इथे कायम राहायचा परवाना, असतं तर हा प्रश्नच नव्हता. पण १९९० च्या कायद्याने नोकरीच्या वाट्याला वर्षाला साधारण १,४०,००० कार्डं, त्यात बायकामुलंही मोजायची, आणि एका देशाला सुमारे ७ टक्क्यांची मर्यादा. भारत असो की आइसलँड, मर्यादा तीच, म्हणून आपली रांग लांबलचक. देशही जन्माचा धरतात. तपासणीला माझी हरकत नाही रे, खुशाल करा. पण ज्याची सगळी माहिती इथल्या सरकारच्याच दफ्तरी आहे, त्याला आजारी बाप आणि नोकरी यांतलं एक निवडायला लावणं हा अन्याय आहे, आणि मी तो अन्यायच म्हणणार.

स्लॉट मिळाला तर त्याच रात्री निघेन. नाही मिळाला तर तू थांबशील ना तिथे? बाबांना डाव्या कानाने ऐकू येत नाही, उजवीकडून बोल. डॉक्टर बाहेर आले की मला फोन लाव आणि चालूच ठेव. आईला जेवायला उठव, ती आपणहून उठणार नाही. संमतीपत्रावर सही लागली तर तू कर, बाबांशी मी बोललोय.

तुझा,
संजय