म्हाताऱ्यांच्या उबेला कात्री

ब्रिटनमधल्या लेबर सरकारने जुलै 2024 मध्ये पेन्शनरांचा हिवाळी इंधनभत्ता एका फटक्यात जवळपास 1 कोटी लोकांचा बंद केला. 200 ते 300 पौंडांची ही मदत फक्त ‘पेन्शन क्रेडिट’सारखा गरिबांसाठीचा भत्ता घेणाऱ्यांपुरती उरली. श्रीमंत पेन्शनरला सरकारी पैसे कशाला, हा अर्थमंत्री रेचल रीव्ह्ज यांचा मुद्दा मला पटतो. पण एकट्या माणसासाठी उत्पन्नाची रेषा आखली ती आठवड्याला सुमारे 218 पौंडांवर! आमच्या शेजारच्या 83 वर्षांच्या आजी त्या रेषेच्या जेमतेम वर. तो हिवाळा त्यांनी स्वयंपाकघरात ओव्हरकोट घालून, मांडीवर गरम पाण्याची पिशवी घेऊन काढला. गॅस मीटरचा आकडा रोज वहीत टिपायच्या.

गावोगावच्या कौन्सिलांत यावर ठराव झाले, खडाजंगी झाली. अखेर जून 2025 मध्ये सरकार नमले. इंग्लंड-वेल्समध्ये वार्षिक 35,000 पौंडांपर्यंत उत्पन्न असलेल्यांचा भत्ता पुन्हा सुरू झाला. 2024-25 च्या हिवाळ्याचे पैसे मात्र मिळाले नाहीत. ते आधी द्या, एवढीच मागणी आहे.

– एक वाचक, लेस्टर (इंग्लंड)