वाक्प्रचाराचा अर्थ कळला, पण वापराचे काय?

महोदय,

इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या अर्थासह पाठ करून घेतल्या जातात. परंतु ते कोणाशी आणि कोणत्या प्रसंगी वापरावेत, हे क्वचितच सांगितले जाते. ‘किक द बकेट’ म्हणजे मरणे, एवढेच ठाऊक असलेला विद्यार्थी तो शोकसंदेशातही लिहून मोकळा होईल. त्याची जातकुळी आपल्या ‘गचकणे’ची आहे, हे अर्थाशेजारी छापायला एक ओळ पुरे. ‘पुलिंग समवन्स लेग’ म्हणजे गमतीने फिरकी घेणे, तर आपल्याकडे पाय ओढणे म्हणजे पुढे जाणाऱ्याला मागे खेचणे. त्यामुळे शब्दांवर विसंबणाऱ्याला निरुपद्रवी थट्टेतही द्वेष दिसतो. (माझीही एकदा अशीच फसगत झाली होती.)

ज्यांची मातृभाषाच इंग्रजी, तेही यातून सुटलेले नाहीत. प्रस्ताव ‘टेबल’ करणे म्हणजे ब्रिटनमध्ये तो चर्चेला घेणे आणि अमेरिकेत नेमका बाजूला ठेवणे. दुसऱ्या महायुद्धातील एका संयुक्त बैठकीत या शब्दावरून दोन्ही पक्षांत बराच वेळ वाद झाल्याचे चर्चिल यांनी आठवणींत नोंदवले आहे. पाठ्यपुस्तककारांनी निदान प्रत्येक वाक्प्रचारासोबत प्रसंगासह एक संवाद द्यावा, ही विनंती.

– एक वाचक