रंध्याला भोक पाडण्याआधी

ती. बाबा आणि आई,
सा. न.

फोनवर अवजारांच्या पेटीतल्या जुन्या रंध्याचा (लाकूड तासून गुळगुळीत करायच्या अवजाराचा) विषय अर्धवट राहिला, म्हणून सविस्तर लिहिते. आईला त्याला भोक पाडून टेबलावरचा दिवा करून हवाय आणि बाबांना तो पुन्हा चालता करायचाय. माझं म्हणणं एवढंच, की पातं तपासल्याशिवाय त्याला भोक पाडू नका. लाकूड कितीही काळवंडलेलं असलं तरी चालतं. पात्यात पोलाद उरलंय की नाही, यावर सगळं ठरतं.

बाबा, पातं काढताना ते धरून ठेवणाऱ्या पाचरीखाली पेचकस घालून उचकटू नका, पाचरीचे पाय तुटतात. रंध्याच्या मागच्या टोकावर लाकडी मोगरीने एक-दोन ठोके द्या, पाचर आपसूक ढिली होते. धारेचं पातं आणि त्यावरचं झाकणपातं यांना जोडणारा स्क्रू गंजून बसलेला असणार. त्यावर डिझेलचे चार थेंब टाकून रात्रभर राहू द्या आणि खाचेत घट्ट बसेल असाच रुंद पेचकस वापरा.

जुनी पाती बहुधा सबंध पोलादाची नसतात. मऊ लोखंडाच्या पट्टीवर, धारेच्या बाजूला, पोलादाचा पातळ थर भट्टीत जोडलेला असतो. पात्याच्या सपाट बाजूवर वरच्या टोकापासून धारेकडे कानस हलकेच ओढत या. लोखंडावर ती चावते, कठीण पोलादावर काचेवरून जावी तशी घसरते. जिथून घसरायला लागेल तिथे खूण करा. खुणेपासून धारेपर्यंत दोन-अडीच सेंमी अंतर असेल तर घरच्या वापराला ते पातं अनेक वर्षं पुरेल. पाच-सहा मिमीच उरलं असेल तर धार लावून लावून पोलाद संपत आलंय. कानस अगदी धारेपर्यंत चावत असेल तर पोलाद तरी संपलंय, नाहीतर कुणीतरी ग्राइंडरवर पातं तापवून त्याचं पाणी (कठीणपणा) उतरवलंय. अशा पात्याला लावलेली धार सागाच्या एका फळीलाही पुरत नाही.

गंज काढायला किराणा दुकानातला पांढरा व्हिनेगर चांगला. प्लॅस्टिकच्या डब्यात पातं पूर्ण बुडवा, सहा-आठ तासांनी काढून तारेच्या ब्रशने घासा, गरज वाटली तर पुन्हा ठेवा. एका दिवसाच्या वर नको, नंतर व्हिनेगर चांगलं लोखंडही खायला लागतं. आई, यासाठी ॲल्युमिनियमचं किंवा पितळेचं भांडं देऊ नकोस. बाहेर काढल्यावर लिटरभर पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून त्यात धुवा, लगेच पुसून उन्हात कोरडं करा आणि मशीनचं तेल लावा. ओलं ठेवलंत तर डोळ्यांदेखत पिवळा गंज चढतो. वरच्या भागात ‘शेफील्ड’ किंवा दुसरा काही शिक्का दिसला तर तिथे घासपेपर नको.

आता भिंगातून पाहा. वरच्या भागात खड्डे असले तरी बिघडत नाही. सपाट बाजूवर, धारेपासून दोन-तीन मिमीच्या आत ते असतील तर मात्र अडचण आहे. सपाट बाजू आणि उतार (पात्याची तिरकी घासलेली बाजू) जिथे मिळतात तिथेच धार तयार होते. त्यातली एक बाजू खड्ड्याची असली की धारेत खाच पडते आणि रंधलेल्या फळीवर रेघ उमटते. तेवढा भाग मागे घासून काढावा लागेल. पोलाद भरपूर असेल तर खुशाल काढा.

धार लावायला पातं रस्त्यावरच्या चाकवाल्याकडे देऊ नका. विळीला ते चालतं. पण कोरड्या चाकावर धारेचं टोक क्षणात तापतं, आणि निळी झाक आली की तेवढं पोलाद मऊ पडलेलं असतं. सातपूर-अंबडच्या वर्कशॉपात बफ मारून चकचकीतही करून आणू नका, त्याने कडा गोल होतात. घरीच जाड काचेवर वॉटर पेपर चिकटवा. आधी सपाट बाजूचा धारेलगतचा पट्टा 220, 400, 800 आणि शेवटी 1500 नंबरवर घासा. मग उतार. पातं 3 मिमी जाड असेल तर उताराची लांबी सातेक मिमी हवी, म्हणजे कोन साधारण 25 अंशांचा येतो. घासता घासता धारेच्या मागे बोटाला बारीक कोर (धातूची वळलेली खरखरीत कड) लागली की उतार टोकापर्यंत पोचला. कोर लागत नसेल तर पुढचा नंबर घेण्यात अर्थ नाही.

लाकडी अंगात पाहायची जागा म्हणजे पाचर बसते तिथले दोन गाल. आपल्याकडे एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत लाकूड आक्रसतं, पातं आक्रसत नाही. खाच तंतोतंत असेल तर पातं आतून रेटा देतं आणि गाल फाटतो. म्हणून पात्याच्या दोन्ही बाजूंना मिळून दीडेक मिमी मोकळीक असावी, नसेल तर खाच कानशीने रुंद करा. केसासारखी चीर असेल तर त्यात पातळ केलेला सुताराचा गोंद मुरवून रात्रभर शिकंज्यात धरा. चीर आरपार गेलेली असेल किंवा किड्यांच्या भोकांतून पिठासारखा ताजा भुसा पडत असेल तर रंधा चालता करण्याचा नाद सोडा आणि किडका ठोकळा घरात इतर लाकडांजवळ ठेवू नका.

तळ सपाट करताना पातं आणि पाचर जागेवर घट्ट बसवून, पातं आत ओढलेलं ठेवून घासा. पाचरीच्या दाबाने ठोकळा किंचित वाकतो, रिकामा घासला तर पाचर ठोकल्यावर तळ पुन्हा बिघडेल. फार घासूही नका. तोंड (पातं बाहेर येतं ती तळाची फट) खालून वर रुंद होत जातं, त्यामुळे प्रत्येक घासणीत फट वाढते. ती दोन-तीन मिमीच्या वर गेली की फळी गुळगुळीत निघत नाही, तोंडापुढे कठीण लाकडाचा तुकडा बसवावा लागतो. नाशकात वाडे पाडल्यावर निघालेलं जुनं सागवान मिळतं, त्याचा तुकडा मुरलेला असल्यामुळे हलत नाही. शेवटी रंगाच्या दुकानातलं उकळलेलं जवसाचं तेल पातळ हाताने लावा. त्या चिंध्या बोळा करून कोपऱ्यात टाकू नका, आपोआप पेट घेतात. उघड्यावर पसरून वाळवा. खोबरेल नको, ते लाकडात वाळतच नाही.

आई, दिव्यासाठी भोक लागतच नाही. पातं आणि पाचर काढली की तोंडातून वायर आरपार जाते, होल्डर खाचेतच बसवता येतो. बल्ब एलईडीच लाव, तेल मुरलेल्या लाकडाजवळ तापणारा बल्ब नको. पुढे चांगलं पातं मिळालं तर दिवा उतरवून रंधा पुन्हा चालवता येईल.

पेटीतल्या करवतीचं पातं मुडपलंय, ते सरळ होणार नाही. त्यातून सहा बाय बारा सेंमीचा तुकडा कापून कडा घासल्या की दारावरचं जुनं पॉलिश खरवडायला उत्तम. वाकसाच्या (लाकूड तासायच्या कुऱ्हाडीसारख्या अवजाराच्या) दांडा बसतो त्या भोकाला चीर आहे का, ते आधी पाहा. असेल तर वाकस भिंतीवर टांगा, कामाला घेऊ नका. नसेल तर बाभळीचा नवा दांडा. दांडा पाण्यात भिजवून घट्ट करू नका, फुगताना त्याचे तंतू चेपतात आणि सुकल्यावर तो आधीपेक्षा ढिला होतो.

कानशीची परीक्षा झाली की खुणेचं अंतर, पात्याची रुंदी आणि धारेजवळची व वरच्या टोकाची जाडी कळवा. जुनं पातं धारेकडे जाड, वर निमुळतं असतं. हल्लीच्या लोखंडी रंध्याचं दोन मिमी पातं त्या पाचरीत धरत नाही. बदलायची वेळ आली तर मला त्याच मापाचं जुनं शोधावं लागेल.

तुमची,
सोनू