मॉर्डेकाय ब्राऊनचा उजवा हात

चि. मिहिर,
अनेक आशीर्वाद.

शंभर वर्षांपूर्वीच्या अमेरिकन बेसबॉलमधला नामवंत पिचर, म्हणजे बॅटरला चेंडू टाकणारा खेळाडू, ब्राऊन याचं बोट तुटलं म्हणूनच त्याचा चेंडू तसा वळायचा का, असं तू विचारलं आहेस. वळण्याला बोट कारणीभूत होतं, हे खरं. पण मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेत, २३९ विजय मिळवायला तेवढं पुरत नाही. तूही आता कर्व्हबॉलच्या, म्हणजे वळून खाली जाणाऱ्या चेंडूच्या, मागे लागला आहेस, तेव्हा या दोन गोष्टींतलं अंतर तुला नीट समजायला हवं.

मॉर्डेकाय पीटर सेंटेनियल ब्राऊन. जन्म १९ ऑक्टोबर १८७६, इंडियाना राज्यातलं नाइझव्हिल. अमेरिकेच्या स्वातंत्र्याला त्या वर्षी शंभर वर्षं झाली, म्हणून नावात 'सेंटेनियल'. लहानपणी जनावरांचं वैरण कापायच्या यंत्रात, आपल्या कडबाकुट्टीसारख्याच, त्याचा उजवा हात सापडला. तर्जनीचं जेमतेम थोटूक राहिलं. ती जखम बरी होत होती तोच तो पडला आणि त्याच हाताची आणखी बोटं मोडली. हाडं नीट बसवली गेली नाहीत. मधलं बोट कायमचं वाकडं झालं, करंगळी जवळजवळ निकामी. पुढे तो कोळशाच्या खाणीत कामाला लागला. गावच्या संघात खेळायचा तो तिसऱ्या बेसवर. नेहमीचा पिचर नव्हता म्हणून एकदा चेंडू त्याच्या हाती आला, आणि मग तिथेच राहिला.

आता चेंडूचं गणित. पिचरच्या पट्टीपासून बॅटरजवळच्या होम प्लेटपर्यंत ६० फूट ६ इंच, म्हणजे १८.४४ मीटर. चेंडूला पोचायला साधारण अर्धा सेकंद लागतो आणि तेवढ्यात नुसत्या गुरुत्वाकर्षणाने तो मीटरभर खाली येतो. फास्टबॉल, म्हणजे सरळ वेगवान चेंडू, सुटताना तर्जनी आणि मधलं बोट चेंडूच्या मागून खाली ओढली जातात, त्याला उलटी फिरकी मिळते, आणि हवा त्याला थोडं वर उचलून धरते. त्यामुळे तो अपेक्षेपेक्षा कमी पडतो. कर्व्हबॉलची फिरकी पुढच्या बाजूला, टॉपस्पिनची. तिथे हवा चेंडूला खाली ढकलते. ब्राऊनच्या हातात चेंडूवर ताबा ठेवायला नेहमीची दोन सरळ बोटं नव्हतीच. वाकडं मधलं बोट आणि थोटूक यांच्यामधून चेंडू निसटताना त्याला जादा टॉपस्पिन मिळायची, आणि तो प्लेटजवळ येऊन धपकन खाली जायचा. टाय कॉबसारख्या बॅटरनेही या कर्व्हचा धसका मान्य केला होता.

पण अशा चेंडूचं पुढे काय होतं, ते बघ. बॅट लागते ती चेंडूच्या वरच्या भागाला, आणि फटका जमिनीवर जातो. म्हणजे बॅटर बाद करायला चांगलं इनफिल्ड, म्हणजे बेसजवळचे क्षेत्ररक्षक, हवंच. शिकागो कब्जमध्ये त्याच्यामागे टिंकर, एव्हर्स आणि चान्स उभे होते, आणि तो स्वतः उत्तम क्षेत्ररक्षक होता. त्याच्या स्ट्राईकआऊटची, म्हणजे फटका न बसताच बॅटर बाद करण्याची, सरासरी नऊ इनिंगमागे चारच्याही खालीच होती. १९०३ मध्ये सेंट लुईसच्या तळाच्या संघाकडून तो ९ जिंकला, १३ हरला. कब्जकडे आल्यावर १९०६ मध्ये २६ विजय, ६ पराभव आणि नऊ इनिंगमागे अवघे १.०४ अर्न्ड रन, म्हणजे क्षेत्ररक्षणाच्या चुका वगळून पिचरच्या नावे लागणाऱ्या धावा. हात तोच होता. संघ बदलला होता, आणि चेंडू प्लेटच्या खालच्या कोपऱ्यात पुन्हा पुन्हा नेऊन ठेवण्याची त्याची हातोटी पक्की झाली होती. माझ्या मते त्याचं खरं कसब ते. चेंडू वळवणारे तेव्हाही पुष्कळ होते.

काळाचाही हिशेब धर. एकच चेंडू मळेपर्यंत, मऊ पडेपर्यंत वापरायचे. थुंकी लावणंही तेव्हा चालत होतं. होम रन, म्हणजे मैदानाबाहेर जाणारे फटके, क्वचितच. तो १.०४ आकडा आजच्या पिचरशेजारी ठेवून तुलना करणं बरोबर नाही. त्याच्या काळातल्यांशी कर. क्रिस्टी मॅथ्यूसन हा न्यूयॉर्क जायंट्सचा सर्वांत मोठा पिचर, आणि ब्राऊनने त्याला ओळीने कितीतरी वेळा हरवलं.

त्यातला मोठा सामना ८ ऑक्टोबर १९०८ चा. २३ सप्टेंबरला कब्जविरुद्धच्या सामन्यात जायंट्सचा फ्रेड मर्कल दुसऱ्या बेसला पाय न लावताच परतला, विजयी धाव रद्द झाली आणि सामना बरोबरीत धरला गेला. मोसमाअखेर दोन्ही संघ सारख्याच विजयांवर आले, म्हणून पोलो ग्राऊंड्सवर तो सामना पुन्हा झाला. कब्जचा पिचर फिस्टर पहिल्याच इनिंगमध्ये डळमळला. ब्राऊन गर्दीतून वाट काढत आला आणि उरलेला सामना त्यानेच टाकला. कब्ज ४-२ ने जिंकले, मग वर्ल्ड सिरीजही, म्हणजे मोसमाची अंतिम मालिकाही. त्यानंतरची वर्ल्ड सिरीज कब्जना मिळाली थेट २०१६ मध्ये. असं मधूनच येऊन सामना वाचवणं त्याने नेहमी केलं. १९०९ मध्ये २७ विजय आणि ३४२ हून जास्त इनिंग.

ही शेवटची संख्या वाचून तू उत्साहात येशील, म्हणून सांगते: ते तुझ्यासाठी नाही. तुझ्या वयाला, १३-१४ वर्षांना, अमेरिकेतल्या युवा बेसबॉलच्या मार्गदर्शक नियमांत दिवसाला जास्तीत जास्त ९५ पिच, म्हणजे टाकलेले चेंडू, आहेत, आणि ६६ किंवा त्याहून जास्त टाकल्या तर चार दिवस पूर्ण विश्रांती. कोपरातल्या हाडाची वाढीची जागा अजून मऊ असते. थकलेल्या हाताने टाकत राहिलं की तीच दुखावते. आधी फास्टबॉल आणि चेंजअप (त्याच हालचालीतून टाकलेला संथ चेंडू) हवे तिथे पडू देत, मग कर्व्ह.

कर्व्ह शिकताना ब्राऊनची पकड उचलू नकोस, तुझा हात धड आहे. मधलं बोट शिवणीलगत ठेव, अंगठा खालून. सुरुवातीला तर्जनी चेंडूवरून उचलून सरळ धर, म्हणजे सगळं काम मधलं बोट करतं. कोपर खांद्याच्या रेषेत असू दे. दाराची मूठ फिरवावी तसं मनगट मुरडलंस की ताण सरळ कोपरावर जातो. तळहात आतल्या बाजूला आधीच वळवून ठेव आणि हात नुसता पुढे-खाली येऊ दे. चेंडू तळहातात खोल रुतवलास तर फिरकी मरते, चेंडू कमरेच्या उंचीवर लोंबकळत राहतो आणि बॅटर त्याला मैदानाबाहेर पाठवतो. लवकर सोडलास तर वर, उशिरा सोडलास तर मातीत. हातातून निघताना चेंडूने वर उसळी घेतली तर बॅटरला लगेच ओळखू येतो. बॅटरमागे चेंडू झेलणाऱ्या कॅचरला तेवढंच बघायला सांग.

१९१२ मध्ये ब्राऊनचा गुडघा दुखावला आणि उतार सुरू झाला. ४ सप्टेंबर १९१६ ला तो आणि मॅथ्यूसन शेवटचे समोरासमोर आले. मॅथ्यूसन तेव्हा सिनसिनाटीचा. दोघांनीही सामना पूर्ण टाकला आणि सिनसिनाटी १०-८ ने जिंकली. दोघांचाही मेजर लीगमधला तो अखेरचा सामना. ब्राऊन १९४८ मध्ये इंडियानातल्या टेरे होट इथे वारला, आणि बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव लागलं पुढच्या वर्षी.

रोजच्या पिचची मोजदाद वहीत ठेव, सरावातल्याही धरून. पुढच्या पत्रात मला ते आकडे कळव.

तुझी,
आई