सूचना : गिऱ्हाइकांची कागदपत्रं कॉम्प्युटरवर ठेवू नका

सांगली-मिरजेतील सर्व झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म व रिपेअरिंगवाल्या सभासदांना नमस्कार.

अ‍ॅडमिशनची गर्दी सुरू झालीय. गिऱ्हाईक व्हॉट्सअ‍ॅपवर आधार, पासबुक, जातीचा दाखला पाठवतं. आपण प्रिंट देतो, पैसे घेतो, आणि फाइल डाउनलोड्समध्ये तशीच पडून राहते. पुढचा माणूस काउंटरवरून वाकून नावासकट सगळं वाचतो. हे बंद करा. प्रिंट निघाली की फाइल शिफ्ट-डिलीटनं काढा. साधं डिलीट केलं तर ती रिसायकल बिनमध्येच बसते. चॅटमधूनही उडवा. बिघडलेली झेरॉक्स फाडूनच टाका, नाहीतर कुणाचं तरी आधार भडंगाच्या पुडीला लागायचं! चालत असेल तिथं मास्क्ड आधार सुचवा, त्यात शेवटचे ४ आकडेच दिसतात.

रिपेअरिंगवाल्यांनो, बॅकअप घेताना कुणाचे फोटो उघडून बघायचं काही कारण नसतं. स्पष्टच सांगतो.

२०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. आपल्या टपरीला तेवढा कोण लावणार, पण गेलेलं गिऱ्हाईक परत येत नाही.

शंका ग्रुपवर विचारा. मात्र विचारताना गिऱ्हाइकाच्या कागदाचा फोटो इथं टाकू नका.